सरदार घोडीवरून उतरले, त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात सगळे बैठ्या कामाचे. आजोबा तहसिलीत, वडील यवतमाळच्या कोर्टात, काका शाळेत, आत्या पोस्टात. सगळ्यांची बोटं शाईनं भरलेली. मी पहिलीच, जिचा हात ऑफिसच्या वेळात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात असायचा. शेजारणी आईला विचारायच्या, "पोरगी डॉक्टर झाली म्हणे, कशाची?" आई म्हणायची, "सर्जन आहे," आणि घाईघाईनं चहा ठेवायला उठायची.

माझी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातच झाली, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं दारव्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. आमचा पेशंट बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी पंचाईत पेशंटच्या वतीनं बोलणाऱ्याची असते. "कालपासून खात नाही" म्हणजे आठवडा झाला. "काहीच नाही खाल्लं तिनं" म्हणजे शेजाऱ्याची अख्खी तूर खाल्ली. म्हणून आधी जनावराचे कान, डोळे, नाक, शेण सगळं बघायचं आणि मग मालकाचं ऐकायचं. असं केलं की मालकाचं बोलणं फार करमणुकीचं वाटतं.

नोकरीच्या अखेरीस मात्र एक नवा रोग आला. कॉलेजच्या पुस्तकात तो नव्हता. लक्षणं अशी : एखादा नामांकित खेळाडू किंवा टीव्हीवरचा माणूस गावात येतो, चहूबाजूंनी मोबाइल वर होतात, आणि त्याला एकाएकी वाटू लागतं की आपल्या खाली, शेजारी नाहीतर काखेत एखादं जनावर पाहिजे. व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपतो. जनावर पुढं महिनाभर माझ्याकडे असतं.

या रोगाचा माझा पहिला पेशंट म्हणजे बोरी अरबचा एक बोकड.

आर्णीकडचा एक मुलगा कबड्डीत फार पुढं गेला होता. मोठ्या स्पर्धांत खेळायचा, टीव्हीवर दिसायचा. मामाच्या गावी बोरी अरबला आला, तर गावातले पोट्टे मागं लागले, "दादा, एक पकड दाखवा ना." पकड दाखवायची तर समोर कोणी पाहिजे, आणि याच्यासमोर उभं राहायला कोणी तयार होईना. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाईंचा बोकड तिथून चालला होता. यानं झेप टाकून त्याचा पाय धरला. लोक हसले, व्हिडिओ निघाला, आणि बोकडाच्या पुढच्या पायाची नळी मोडली.

दुपारी दवाखान्यासमोर एक नवीकोरी पांढरी गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर शेवंताबाई आणि त्यांच्या मांडीवर बोकड. पुढं गाडी चालवायला तो खेळाडू, मान खाली.

"पाहा मॅडम," शेवंताबाई उतरायच्या आधीच सुरू झाल्या, "टीव्हीवर साऱ्या देशाचे लोक याले धरून राह्यले आन् हा कोनाच्या हातात येत नाई. आन् यानं सोताहून धरलं कोनाले? माह्या बोकडाले!"

"मावशी, मी मजाक करत होतो," तो पुटपुटला.

"मंग बोकडाले सांग ना मजाक हाये म्हनून. मले कायले सांगतं?"

मी त्यालाच बोकड धरायला लावला. शेळीबोकडाच्या मोडक्या पायाला आम्ही बांबूच्या कामट्या बांधतो, आत कापूस, वर पट्टी. काम सोपं, पण हाड जागेवर बसवताना जनावर जे ओरडतं ते ऐकवत नाही. त्या मुलानं मान फिरवली. पट्टी बांधून होईपर्यंत बोकडानं त्याच्या जर्सीवर, बरोबर नाव छापलेलं होतं तिथं, मनसोक्त मूत्रविसर्जन केलं.

"आता काढ म्हना व्हिडिओ," शेवंताबाई म्हणाल्या.

त्यानं खरंच काढला. ओल्या जर्सीत, बोकड कडेवर घेऊन, माझ्या दवाखान्याच्या दारात उभा राहून तो म्हणाला की माझ्याकडून चूक झाली, जनावरावर असलं कोणी करू नका. शेवंताबाई मागून ओरडल्या, "नाव सांग त्याचं!" तो चपापला आणि म्हणाला, "याचं नाव... चेंडू आहे." मला हसू आवरेना. चेंडूचा पाय नीट जुळला. दुसरा व्हिडिओ मात्र पहिल्याच्या मानानं फारच थोड्या लोकांनी पाहिला. ते मला अजून लागतं.

या मुलाच्या निमित्तानं मला एक कळलं. ही माणसं दुष्ट नसतात. भोवतीच्या गर्दीनं त्यांचं डोकं जरा वेळ काढून घेतलेलं असतं. हे समजून घ्यायला मी तयार आहे. पण ते बोकडाला समजावून सांगण्याची सोय नाही.

आता मुख्य गोष्ट.

दहीहंडीच्या दिवशी सकाळी उत्सव मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ दवाखान्यात आले. बंडूभाऊंचं कृषी केंद्र आहे. माणूस दिलदार, आवाज लाउडस्पीकरचा.

"मॅडम, एका घोडीले सर्टिफिकेट पायजे. पोलिस म्हनते, मिरवणुकीत जनावर असन तर डॉक्टरचं लिहून आना."

"घोडी बघावी लागेल."

"पाहाचं काय हाये जी त्यात? पांढरी हाये."

"कोण बसणार आहे?"

बंडूभाऊंनी दोन्ही हात पसरले. "सरदार!"

तेव्हा एका ऐतिहासिक मालिकेनं घराघरात वेड लावलं होतं. त्यातला तरुण सरदार घोड्यावरून तटावरून उडी मारायचा, धावत्या घोड्यावरून भाला फेकायचा, आणि नायिकेचा निरोपसुद्धा घोड्यावरून न उतरता घ्यायचा. माझ्या सासूबाई त्या अर्ध्या तासात कोणाचा फोन घेत नसत. हे सरदार मुंबईहून दारव्ह्याला दहीहंडीसाठी येणार, घोडीवरून चौकात प्रवेश करणार, असे फलक गावभर लागले होते. फलकावरची घोडी मागच्या दोन पायांवर उभी होती.

मी आणि आमचे परिचर वामनराव बंडूभाऊंबरोबर घोडी बघायला गेलो. परिचर म्हणजे दवाखान्यातला मदतनीस, पण वामनरावांचा मुख्य गुण म्हणजे जनावरं त्यांच्यावर लगेच विश्वास टाकतात. घोडीचं नाव बिजली. तिचा मालक गुलाबराव. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तालुक्यातले नवरदेव मंडपापर्यंत पोचवलेले. बिजली दिसायला खरंच देखणी होती. अंगावर जरीची झूल, कपाळावर मोत्यांची जाळी, डोक्यावर तुरा. पाय चांगले, खूर चांगले, श्वास ठीक.

वामनरावांनी तिच्यापुढं गुळाचा खडा धरला. तिनं ओठांनी तो उचलला, तोंडात घेतला आणि खाली पडू दिला.

गूळ टाकणारी घोडी मी तोवर पाहिली नव्हती.

"लगाम काढा," मी म्हटलं.

"राहू द्या ना मॅडम, सारी सजावट बिघडन," गुलाबराव म्हणाला. पण त्याचा आवाज आधीच उतरला होता.

इथं थोडं लगामीबद्दल सांगायला हवं. घोडीच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये एक मोकळी जागा असते. लगामीची सळई तिथं, उघड्या हिरडीवर टेकते. सळई गुळगुळीत असली तर बोटाच्या हलक्या ओढीवर घोडी थांबते, वळते. लग्नाच्या वरातीतल्या घोडींना मात्र पुष्कळदा काटेरी लगाम घालतात. त्या सळईला टोकदार दाते असतात. कायद्यानं ती बंद आहे. बाहेरून गोंडे, मोती, आरसे, म्हणून वऱ्हाडातल्या कोणाला काही दिसत नाही. आत दोर ओढला की दाते जिभेत जातात.

बिजलीच्या तोंडात तेच निघालं. ओठांच्या कोपऱ्यात जुने कडक वण होते. त्यांच्यावर ताज्या चिरा, आणि जिभेवर एक खोल जखम, अजून ओली. मोत्यांच्या जाळीला आतून रक्त लागलं होतं.

"हे आजचं आहे," मी म्हटलं.

"सकाळी रेस्ट हाउसच्या मैदानात हीरोचं शूटिंग झालं," गुलाबराव म्हणाला. "लय ओढलं जी त्यानं. दोन्ही हातानं."

"आणि ही लगाम कोणाची?"

त्यानं बिजलीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मॅडम, डीजे असते, फटाके असते, वरतून असा नवरदेव, ज्यानं कधी गाढवबी पाह्यलं नसते. घोडी बिथरली आन् एखाद्या लेकराले लागलं तं लोक मले जित्ता ठेवतीन काय? काट्यानं थे दगडासारखी उभी राह्यते."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी ती लगाम पिशवीत टाकली, जखम धुतली, औषध लावलं आणि बंडूभाऊंना सांगितलं, "सर्टिफिकेट मिळणार नाही. आज हिच्यावर कोणी बसणार नाही."

बंडूभाऊ मटकन शेजारच्या कडब्याच्या ढिगावर बसले. "मॅडम, पब्लिक मले फाडून खाइन. आर्णीहून जीपा भरून राह्यल्या. फलकावर घोडी हाये!"

"फलकावरची घोडी चालेल. ती मागच्या दोन पायांवर उभी आहे, तिला काही झालेलं नाही."

"एकच चक्कर जी."

"नाही."

मग ओळखीच्या एका पुढाऱ्याचा मला फोन आला. मी त्यांना जिभेची जखम किती खोल आहे ते इतकं तपशीलवार सांगितलं की ते जेवायला बसले होते ते उठले. पण मला मनातून ठाऊक होतं, माझ्या नकारानं फार तर कागद अडेल. हजारो माणसं ओरडायला लागल्यावर कागदाला कोण विचारतं? ज्याला बसायचं आहे त्यानंच नाही म्हटलं पाहिजे. म्हणून मी सरळ रेस्ट हाउस गाठलं.

सरदार पूर्ण वेशात होते. अंगरखा, कमरेला रेशमी शेला, ओठांवर चिकटवलेली मिशी, आणि समोर तर्री-पोह्यांची बशी. मिशी निघू नये म्हणून ते एकेक दाणा चमच्यानं आत सोडत होते. मी चांगलं कडक भाषण तयार करून गेले होते. पहिलंच वाक्य म्हटलं, "मी त्या घोडीचं तोंड बघून आले आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लावलं, कडी घातली, आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "डॉक्टर, मला घोड्याची भयंकर भीती वाटते."

मी त्यांच्या कमरेच्या शेल्याकडे आणि मिशीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"पण तुम्ही तटावरून उडी..."

"स्टुडिओत लाकडी घोडा आहे. स्प्रिंगांवर. दोन माणसं मागून हलवतात, समोरून पंखा लावतात. लांबून दिसतो तो दुसराच माणूस असतो. मी खऱ्या घोड्यावर आज सकाळी पहिल्यांदा बसलो."

हे सासूबाईंना सांगायचं की नाही, हा प्रश्न अशा गंभीर प्रसंगीही माझ्या मनात येऊन गेला.

"ती दोन पावलं चालली आणि माझा जीव गेला," ते सांगत होते. "मी दोर ओढला, ती थांबली. थांबली म्हणून मला बरं वाटलं. म्हणून मी ओढूनच धरला. ती एवढी शांत उभी होती, मला वाटलं, किती शिकवलेली आहे!"

मी पिशवीतून लगाम काढून त्यांच्या हातात दिली. "सळईभोवती मूठ आवळा."

त्यांनी आवळली आणि झटकन हात काढला. तळहातावर लाल ठिपके उमटले होते. त्यांचा चेहरा रंगाखालीसुद्धा पांढरा पडलेला दिसला.

"मग तिनं मला पाडलं का नाही?"

"हललं की जास्त टोचतं, हे तिला माहीत आहे."

ते कॉटवर बसले. मग एकदम आशेनं वर बघून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मलाच अनफिटचं सर्टिफिकेट देऊ शकता का?"

मला इतकं हसू आलं की माझं कडक भाषण तिथंच संपलं. "मी जनावरांची डॉक्टर आहे."

"मग तुम्ही माइकवर जाहीर करा की घोडी आजारी आहे. मी सांगितलं तर लोक म्हणतील सरदार घाबरला. माझं सगळं घोड्यावर उभं आहे हो."

"जखम तुमच्या हातानं झाली. तुम्हीच सांगा. भीतीचं नका सांगू, पण जखमेचं सांगा."

त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी समजले.

दुपारी चौकात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारव्हा तर होताच, शिवाय गावोगावचे लोक, गच्च्यांवर बायका, झाडांवर पोट्टे, आणि डीजेचा असा दणका की माझ्या चष्म्याची काच हलत होती. मी आणि वामनराव गर्दीतून वाट काढत मंचाकडे निघालो आणि मला बिजलीचा तुरा दिसला. ती मंचाजवळ उभी होती, मान विचित्र ताठ करून. त्या मानेवरूनच मी समजले. तोंडात पुन्हा काटेरी लगाम होती. गुलाबरावाकडे दुसरीही होती.

बंडूभाऊ मला लांबून बघून ओरडले, "मॅडम, मिरवणुकीले सर्टिफिकेट लागते! आता मिरवणूक कॅन्सल! फक्त उभ्या-उभ्या फोटो हाये!"

तेवढ्यात सरदार उघड्या जीपमधून आले. गर्दीनं जो आवाज केला तो मी कधी ऐकला नव्हता. आधी "सरदार! सरदार!" आणि मग कोणीतरी सुरू केलं, "घोडी! घोडी!" सगळा चौक घोडी मागायला लागला. सरदारांनी माइक हातात घेतला, तोंड उघडलं, चारी बाजूंना बघितलं. मला बघितलं. माइक बंडूभाऊंना परत दिला आणि रिकिबीत पाय घातला.

त्या क्षणी मी त्यांना जे काही म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. माझ्या आणि त्यांच्या मध्ये दीडशे माणसं तरी होती.

ते बसले. डीजेवाल्यानं नेमका तेव्हाच आवाज वाढवला. कोणी कागदी फुलांची नळी उडवली. बिजली एकदम पुढं सरकली. सरदारांचे दोन्ही हात दोरावर गेले. मी जीव खाऊन ओरडले, "ओढू नका! सोडा! सोडून द्या!"

त्यांना ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. ते नंतर म्हणाले, ऐकू आलं. काहीही असो, त्यांनी दोर सोडून दिला. आणि सोडल्यावर धरायला काहीच उरलं नाही म्हणून डोळे मिटून बिजलीच्या मानेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.

गर्दी वेडी झाली. तिला वाटलं, केवढं हे प्रेम! बायका गच्चीवरून फुलं टाकू लागल्या. बंडूभाऊंना माइकवर रडू आलं, "पाहा, पाहा, मुक्या जनावरावर कशी माया हाये सरदारांची!" आणि बिजली, दोर सैल झाल्यावर, माणसांना नाकानं बाजूला सारत सावकाश चालू लागली. कोणाला धक्का नाही, लाथ नाही. गोविंदांवर उडवायला पाण्याचे मोठे ड्रम भरून ठेवले होते. तिथं जाऊन तिनं अख्खं तोंड पाण्यात बुडवलं. मान खाली गेली तसे मानेला मिठी मारलेले सरदार घसरत घसरत पुढं आले आणि ड्रमला वळसा घालून चिखलात बसले.

त्यांची मिशी बिजलीच्या आयाळीला चिकटून राहिली होती.

ड्रममधलं पाणी हळूहळू गुलाबी होत होतं. जवळ उभ्या असलेल्या गोविंदांना ते दिसलं. सरदारांनाही दिसलं. ते उठले, चिखलानं भरलेला हात माइकसाठी पुढं केला. डीजे कोणी बंद केला कोण जाणे.

"मला घोडं येत नाही," ते म्हणाले. मिशीशिवाय ते अगदी कॉलेजातल्या पोरासारखे दिसत होते. "मालिकेत लाकडाचं आहे. मी फार घाबरतो. सकाळी घाबरून मी दोर ओढला आणि हिची जीभ कापली गेली. हे पाणी बघा. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, तरी मी परत बसलो, कारण मी हिच्यापेक्षा तुम्हाला जास्त घाबरलो."

बंडूभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. मलाही वाटलं, आता दगड येतो का काय. मग समोरच्या गच्चीवरून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, "मंग पायी चाला ना जी! पाय नाई काय तुमाले?"

आधी गच्ची हसली, मग झाडं हसली, मग सगळा चौक. असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. हसता हसता लोक टाळ्या वाजवू लागले. बंडूभाऊंनी एक डोळा उघडला, अंदाज घेतला, आणि माइक हिसकावून गरजले, "आता येत आहेत... आपले लाडके सरदार... पायी!"

वामनराव तोवर बिजलीजवळ पोचले होते. त्यांनी लगाम काढली, सरदारांच्या कमरेचा रेशमी शेला सोडवला आणि दोन गाठींत त्याची म्होरकी करून तिच्या तोंडावर चढवली. म्होरकी म्हणजे तोंडाबाहेरून बांधायची दोरी, आत काही नाही. शेल्याचं टोक त्यांनी सरदारांच्या हातात दिलं. "घ्या. काई करत नाई थे. तुमी फक्त पुढे चाला."

आणि ते चालले. हात सबंध लांब करून, घोडीपासून होईल तितके दूर, पण चालले. बिजली मागून, डोक्यावर तुरा, आयाळीत मिशी. गर्दीनं वाट करून दिली. मी वामनरावांचा हात धरून एखाद्या शाळकरी मुलीसारखी हसत होते आणि डोळे पुसत होते. हंडी फुटली ती कोणत्या पथकानं, आज कोणाला आठवत नाही.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. कायदा मोडल्याचं कळवणं हे माझं कामच होतं. गुलाबरावाचं नाव घातलं, मंडळाचं घातलं, आणि सरदारांचंही घातलं.

"त्याचंबी लिहाचं काय मॅडम?" वामनराव म्हणाले. "त्यानं तं साऱ्याइसमोर माफी मागतली."

"माफीनं बिजलीच्या जिभेला टाके पडले नाहीत. ते मला घालावे लागले."

सरदारांना मी फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "लिहा." तारखेला ते दारव्ह्याच्या कोर्टात स्वतः आले, गुन्हा कबूल केला, दंड भरला. मोबाइलवर पुढं पुष्कळ दिवस लोकांनी त्यांची टर उडवली. एक जाहिरात हातातून गेली असंही ऐकलं. पण सासूबाईंचं प्रेम काही आटलं नाही. त्या म्हणाल्या, "खरं बोलला ना पोरगा? मग घोडं लाकडाचं असलं तरी चालेल." मालिका संपेपर्यंत त्यांनी फोन घेतला नाही तो नाहीच.

गुलाबरावानं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं वाईट वाटायचं. लोक मोठ्या माणसाला हसून सोडतात, लहान माणसाचा धंदा बसतो. तो सीझन त्याचा कोरडा गेला. मी वामनरावांकरवी त्याला गुळगुळीत सळईची लगाम पाठवली, ती त्यानं परत पाठवली. आणि तालुक्यातल्या इतर वरातींत काटेरी लगामी चालूच राहिल्या. मी लग्नाला गेले की आधी घोडीजवळ जायची आणि तोंड उघडून बघायची. नवरदेवाची आई म्हणायची, "मॅडम, अगोदर पोराले तरी पाहा." काही सापडलं की मी तिथंच लगाम काढायला लावायची, वरात खोळंबायची, आणि पुढच्या लग्नाचं आमंत्रण यायचं नाही. हे सगळीकडे जाऊन करणं मला शक्य नव्हतं. ती रुखरुख मी घेऊनच निवृत्त होणार होते.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना एका सकाळी गुलाबराव दवाखान्याच्या दारात उभा. किती तरी काळानं त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं.

"मॅडम, बिजली व्याली नाई अजून. पाणी फुटून गेलं. चाला."

घोडीचं बाळंतपण गायीसारखं नसतं. गायीला वेळ असतो. घोडीचं पिल्लू झटपट बाहेर आलं नाही तर दोघंही जातात. आम्ही धावतच गेलो. पिल्लाचा एक पाय आत दुमडलेला होता. मी खांद्यापर्यंत हात घातला, कळ ओसरायची वाट पाहिली, खूर मुठीत झाकून पाय सरळ केला. बिजली एकदा कण्हली. "आता," मी म्हटलं, आणि गुलाबराव, वामनराव, मी, तिघांनी मिळून ओढलं. पिल्लू आमच्यासकट गवतावर आलं. काळं, ओलं, लांबलचक पायांचं. वामनराव नाचायलाच लागले. बिजलीनं वळून बघितलं आणि ते चाटायला घेतलं. तिच्या जिभेच्या कडेला खाच तशीच होती, पण जीभ काम करत होती.

थोड्या वेळानं पिल्लू उठलं, पडलं, पुन्हा उठलं, चारी पाय चार दिशांना. गुलाबराव हसत होता आणि नाक पुसत होता. मी सवयीनं पिल्लाच्या तोंडात बोट घातलं. नवजात पिल्लाचं हेही तपासायचं असतं, चोखण्याची ताकद आहे का ते. दात अजून आले नव्हते. त्यानं माझं बोट पकडलं आणि जोरात ओढायला लागलं. हिरडी मऊ, गरम, सगळीकडे सारखी. मी बोट फिरवून फिरवून बघितलं.

"काय झालं मॅडम?" गुलाबरावानं घाबरून विचारलं. "तोंडात काई हाये काय?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

तो माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला, पिल्लाचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि खूप वेळ आत बघत राहिला.

"राहू देतो असंच," तो म्हणाला.